फिलिस श्लाफ्ली: तेरा राज्यांचं गणित आणि एक यादी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहात, वर्गात फिलिस श्लाफ्लीवर वीस मिनिटं बोलायचंय. अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, दोन्ही सभागृहांनी प्रचंड बहुमतानं मंजूर केलेली, बायकांना कायद्यात समान हक्क देणारी 'समान हक्क' घटनादुरुस्ती एका गृहिणीनं कशी अडवली? आणि बायकांना घर सांभाळायला सांगणारी ही बाई स्वतः आयुष्यभर भाषणं देत देशभर फिरली, तर तिला ढोंगी म्हणायचं का?

आधी माझी बाजू सांगून टाकते. मी तीस वर्षं बायकांच्या हक्कांच्या कामात आहे. गावातल्या दारूबंदीच्या मतदानापासून मुलींच्या वारसाहक्कापर्यंत बरंच काही केलं, त्यातलं बरंच हरलेही. श्लाफ्लीचं आणि माझं एकाही मुद्द्यावर जमलं नसतं. तरी कार्यकर्त्यांच्या शिबिरात एक अख्खी दुपार मी तिच्यावर घालवते. पोरी नाक मुरडतात. "ताई, ही बया कशाला?" म्हणतात. मी म्हणते, आपल्याला ज्यानं हरवलं त्याची वही आधी वाचावी.

तुमच्या प्रश्नात 'गृहिणी' हा शब्द आहे ना, तिथंच पाय घसरतो. तो शब्द तिनं स्वतः पुढे केला होता, आणि तिच्या विरोधकांनी तो खरा मानला. त्यामुळे १९७२ साली एक बाई स्वयंपाकघरातून उठली आणि दुरुस्ती पाडून परत गेली, अशी गोष्ट तयार झाली. खरा प्रश्न असा विचारा: १९७२ च्या आधीची वीस-पंचवीस वर्षं ती काय करत होती?

जन्म १५ ऑगस्ट १९२४, सेंट लुईस. महामंदीत वडिलांची नोकरी गेली आणि आईनं ग्रंथालयात नोकरी करून घर चालवलं. म्हणजे कमावत्या बाईच्या पगारावर वाढलेली ही मुलगी. कॉलेजची फी भरायला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिनं दारूगोळ्याच्या कारखान्यात रात्रपाळी केली. बंदुका आणि मशिनगन चालवून काडतुसं तपासायची. दिवसा वर्ग, रात्री गोळीबार. १९४४ साली पदवी, १९४५ साली रॅडक्लिफमधून राज्यशास्त्राची एम.ए. १९४६ साली सेंट लुईसमधल्या एका रिपब्लिकन उमेदवाराचा, क्लॉड बेकवेलचा, प्रचार तिनं सांभाळला आणि तो निवडून आला. १९४९ साली फ्रेड श्लाफ्ली या वकिलाशी लग्न झालं, इलिनॉयमधल्या ऑल्टन गावात संसार मांडला, सहा मुलं झाली.

आता पराभव मोजा. १९५२ साली काँग्रेसची निवडणूक लढली, हरली. १९६४ साली राष्ट्राध्यक्षपदासाठी रिपब्लिकन उमेदवारी मागणाऱ्या बॅरी गोल्डवॉटरच्या बाजूनं 'अ चॉइस नॉट अ‍ॅन एको' हे छोटं पुस्तक स्वतःच छापून लाखांनी खपवलं, गोल्डवॉटरला उमेदवारी मिळाली आणि नोव्हेंबरात त्याचा धुव्वा उडाला. १९६७ साली रिपब्लिकन महिला संघाच्या अध्यक्षपदाला उभी राहिली, पक्षातल्याच मवाळ गटानं पाडलं. १९७० साली पुन्हा काँग्रेसला उभी, पुन्हा हार.

शिबिरात मी इथं थांबते आणि विचारते, या सगळ्यातून तिच्या हाती काय उरलं? कुणी म्हणतं अनुभव, कुणी जिद्द. उत्तर एकदम रुक्ष आहे: यादी. नावं आणि पत्ते. १९६७ च्या पराभवानंतर तिच्या मागे आलेल्या बायकांना तिनं वाऱ्यावर सोडलं नाही. त्याच ऑगस्टात चार पानांचं मासिक पत्रक सुरू केलं, 'द फिलिस श्लाफ्ली रिपोर्ट'. त्यात बहुतेक अण्वस्त्रं, रशिया, संरक्षण खर्च असे विषय असायचे. तिचा जीव खरं तर त्यातच होता. निवृत्त रिअर अ‍ॅडमिरल चेस्टर वॉर्ड यांच्यासोबत तिनं त्यावर जाडजूड पुस्तकंही लिहिली. पण प्रत्येक महिन्याला कुणीतरी ते पत्रक उघडतंय, वाचतंय, पैसे भरून पुन्हा मागवतंय, ही गोष्ट विषयापेक्षा मोठी होती. आमच्याकडे किती आंदोलनं झाली! मोर्चाला दोन हजार बायका, आणि महिन्याभरानं सभेची चिठ्ठी कुणाला पाठवायची तर पत्ते नाहीत. हजेरीची वही असते, ती ज्या कार्यकर्तीच्या पिशवीत असते तिचं लग्न होतं आणि वही तिच्याबरोबर सासरी जाते. हसू नका, दोनदा झालंय.

समान हक्क दुरुस्ती तिच्या वाट्याला जवळजवळ अपघातानं आली. १९७१ च्या अखेरीस कुणीतरी तिला या विषयावरच्या वादचर्चेला बोलावलं, तेव्हा तिला संरक्षणावर बोलायचं होतं. मजकूर वाचल्यावर मत बनलं, फेब्रुवारी १९७२ च्या पत्रकात तिनं तो विषय घेतला, आणि मग त्या यादीनं काम सुरू केलं.

तुम्ही कायद्याचे विद्यार्थी, दुरुस्तीचा इतिहास तुम्हाला ठाऊक असेलच, तरी क्रम लावून घेऊ. 'लिंगाच्या आधारावर कायद्यातला समान हक्क नाकारला जाणार नाही' एवढाच गाभा. अ‍ॅलिस पॉल या मताधिकार चळवळीतल्या नेत्यांनी १९२३ साली पहिल्यांदा मांडला. २२ मार्च १९७२ ला सिनेटनं ८४ विरुद्ध ८ मतांनी मंजूर केला. त्याच दिवशी हवाई राज्यानं मान्यता दिली. वर्षअखेर २२ राज्यं झाली, पुढच्या वर्षी ३०. घटनेत जायला राज्यांची मान्यता हवी होती ३८, म्हणजे पन्नासांपैकी तीन चतुर्थांश. निक्सन, फोर्ड, कार्टर, तिघेही राष्ट्राध्यक्ष दुरुस्तीच्या बाजूनं. फोर्ड यांच्या पत्नी बेटी तर आमदारांना स्वतः फोन करायच्या. दोन्ही पक्षांच्या जाहीरनाम्यांत समर्थन.

हे चित्र बघून सगळे म्हणाले, झालंच. श्लाफ्लीनं उलटी बाजू मोजली. त्यांना ३८ हवीत, मला १३ पुरेत. आणि त्या तेरांतही दोन्ही सभागृहं जिंकायची गरज नाही. एका सभागृहात, कधी कधी एका समितीतसुद्धा अडलं तरी ते राज्य तिचंच.

इथं मला आमचं एक गाव आठवतं. सातारा जिल्ह्यातलं, नाव नको. दारूदुकान बंद करायला 'आडवी बाटली'चं मतदान. नियम तुम्हाला माहीत असेल: आधी पाव हिस्सा महिला मतदारांच्या सह्या, मग मतदान, आणि बाटली आडवी व्हायला झालेल्या मतदानाच्या निम्मी मतं पुरत नाहीत; यादीत नाव असलेल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त लागतात. आम्ही तीन महिने घरोघर फिरलो. आडव्या बाटलीला उभीच्या कितीतरी पट मतं पडली. तरी हरलो. कारण यादीत मयत बायका होत्या, लग्न होऊन गेलेल्या पोरी होत्या, मुंबईला मोलकरणीचं काम करणाऱ्या होत्या, आणि काही त्या दिवशी मुद्दाम शेतावर धाडलेल्या होत्या. न आलेली प्रत्येक बाई दुकानदाराच्या खात्यात. दुकानदारानं प्रचारही फारसा केला नाही. त्याला कुणाचं मन वळवायचंच नव्हतं. त्या रात्री मला श्लाफ्ली खरी कळली. नियम ज्या बाजूला झुकलेला असतो त्या बाजूच्या माणसाला फक्त घट्ट उभं राहायचं असतं.

इलिनॉय हे याचं सगळ्यात लख्ख उदाहरण, आणि ते तिचं स्वतःचं राज्य. तिथं घटनादुरुस्तीला साधं बहुमत पुरेना, तीन पंचमांश लागायचं. १९८० च्या जूनमध्ये तिथल्या प्रतिनिधी सभागृहात १०२ मतं बाजूनं, ७१ विरोधात. हवी होती १०७. म्हणजे बहुमत बाजूनं असून दुरुस्ती पडली. १९८२ साली दुरुस्तीच्या समर्थक बायकांनी राज्याच्या राजधानीत, स्प्रिंगफील्डमध्ये, सदतीस दिवस उपोषण केलं, तरी गणित हललं नाही. वर्गात 'अमेरिकेनं दुरुस्ती नाकारली' असं म्हणू नका. जनमत चाचण्यांत बहुसंख्य लोक बाजूनंच होते. तिनं बहुमत जिंकलं नाही. जिथं बहुमत पुरत नाही अशा जागा शोधल्या आणि तिथं तळ ठोकला.

पण फक्त गणितावर कुणी जिंकत नाही. घरातल्या बायका, बऱ्याचजणी पहिल्यांदाच राजकारणात उतरलेल्या, तिच्यामागे आल्या कशा?

तिची पद्धत सांगते. तिनं संघटनेचं नाव ठेवलं 'स्टॉप'. त्या इंग्रजी अक्षरांची फोड करून अर्थ निघायचा 'आमच्या सवलती काढून घेणं थांबवा'. घरी भाजलेले पाव आणि जॅमच्या बाटल्या घेऊन बायका आमदारांच्या दारात जायच्या, 'भाकरी थापणाऱ्यांकडून भाकरी कमावणाऱ्यांना' अशा धाटणीची चिठ्ठी लावून. आपल्याकडच्या कार्यकर्त्या हे ऐकून चिडतात. चिडण्यासारखं आहेच. पण आमदाराच्या नजरेनं बघा. एका बाजूला घोषणा देणारा जमाव, दुसऱ्या बाजूला मतदारसंघातली ओळखीची बाई, हातात पाव, आणि "साहेब, तुमच्या बायकोलाही विचारा हं" असं म्हणून निघून जाते. तिच्यामागे किती मतं आहेत हे त्याला मोजता येत नाही, म्हणून तो जास्तच मोजतो.

या बायकांना ती दरवर्षी गोळा करून शिकवायची: साक्ष कशी द्यायची, वार्ताहरांशी कसं बोलायचं, टीव्हीवर कपडे कसे घालायचे, विरोधक ओरडला तर चेहरा कसा ठेवायचा. शेवटचा धडा तर तिनं स्वतः गिरवून दाखवला. १९७३ साली इलिनॉयमधल्या एका विद्यापीठातल्या वादचर्चेत स्त्रीवादी चळवळीच्या नेत्या बेटी फ्रीडन संतापून म्हणाल्या, तुला खांबाला बांधून जाळावंसं वाटतं. श्लाफ्लीनं शांतपणे उत्तर दिलं, तुम्ही हे बोललात ते बरं झालं, दुरुस्तीवाल्यांचा तोल कसा सुटतो ते लोकांना दिसलं. १९७७ साली न्यूयॉर्कमध्ये तिच्या तोंडावर कुणी अ‍ॅपल पाय फेकला, त्यानंही तिचंच भलं झालं. भाषणाची सुरुवात ती बऱ्याचदा "मला येऊ दिल्याबद्दल नवऱ्याचे आभार" अशी करायची. स्त्रीवाद्यांचा तिळपापड व्हावा म्हणूनच हे म्हणते, असं ती मोकळेपणानं सांगायचीही. समोरचा चिडला की निम्मं काम झालं.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ती स्वतः कॅथलिक. तिच्या सभेत कॅथलिक, इव्हँजेलिकल प्रॉटेस्टंट, मॉर्मन, सगळ्या बायका एका खोलीत बसायच्या. एकमेकींचा धर्म खोटा मानणारी ही मंडळी. पिढ्यान्‌पिढ्या एकत्र जेवली नसतील. नोव्हेंबर १९७७ मध्ये ह्यूस्टनला सरकारी खर्चानं राष्ट्रीय महिला परिषद भरली तेव्हा त्याच शहरात, त्याच दिवशी, श्लाफ्लीच्या बाजूच्या सभेला सुमारे पंधरा हजार लोक जमले. चर्चच्या बसगाड्या भरभरून आले. पुढे रेगनच्या काळात ज्याला धार्मिक उजवी आघाडी म्हणू लागले तिची रंगीत तालीम म्हणजे ही सभा, असं माझं मत.

आता त्या बायकांच्या भीतीबद्दल. तिचे मुद्दे ठरलेले असायचे: मुलींची सैन्यात सक्तीनं भरती होईल, नवऱ्यानं बायकोला पोसायची कायदेशीर जबाबदारी जाईल, पोटगी जाईल, विधवेचे निवृत्तिलाभ जातील, शिवाय गर्भपात आणि स्त्री-पुरुषांची एकत्र सार्वजनिक शौचालयं. यातलं काही निव्वळ बागुलबुवा होतं. पण भरतीचा मुद्दा तिनं हवेतून काढला नव्हता. सिनेटर सॅम अर्विन यांनी 'बायकांना सक्तीच्या भरतीतून वगळावं' अशी पोटदुरुस्ती मांडली होती आणि सिनेटनं ती फेटाळली होती. व्हिएतनामचं युद्ध चालू, घरोघरी मुलगे जात होते. आईला 'तुझी मुलगीही' म्हटल्यावर पुढचं भाषण ऐकायची गरज उरत नाही. दुरुस्तीचे प्रामाणिक समर्थक वकील म्हणायचे, हो, समान म्हणजे समान. तत्त्वाला धरून बरोबर, मतांच्या हिशेबात महाग.

पोटगीच्या भीतीवर आमच्या चळवळीतले लोक हसतात, तेव्हा मी हक्कसोडपत्राची गोष्ट काढते. महाराष्ट्रानं १९९४ सालीच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा दिला, देशानं २००५ साली. कायदा आमच्या बाजूनं. आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आजही बहिणी रांगेनं हक्क सोडून देतात. सुरुवातीला मी त्यांना रागवायचे. एकदा एका बाईनं मला शांतपणे सांगितलं, "ताई, वाटा घेतला तर भाऊ तुटंल. उद्या नवऱ्यानं हाकललं तर तुमचा कायदा मला दोन दिवस जेवू घालंल का? माहेर घालंल." तिचा हिशेब चुकीचा असेल, पण तो हिशेब होता. तिच्याकडे एकच दोर होता आणि मी तो सोडायला सांगत होते, दुसरा हातात न देता. पन्नाशीतली अमेरिकन गृहिणी, वीस वर्षं नोकरी नाही, नवऱ्याच्या पगारावर सगळं. नव्या कायद्यांनी घटस्फोट सोपे होत चाललेले. तिला 'तू मुक्त झालीस' हे ऐकताना जमीन सरकल्यासारखी वाटली असेल तर नवल नाही. श्लाफ्लीनं त्या भीतीचं दुकान मांडलं हे खरं. पण भीती तिनं तयार केली नव्हती, आणि आपल्या बाजूनं कुणी त्या बायकांशी नीट बोललंही नाही.

इथवरचं एकत्र बांधते, म्हणजे तुम्हाला मांडणी सोपी जाईल: पराभवांतून जमलेली यादी, नकाराला झुकतं माप देणारे नियम, आणि ज्यांना कुणी विचारत नव्हतं अशा बायकांची खरी भीती. यातलं किती तिचं कर्तृत्व आणि किती परिस्थिती, हे तराजूत घालून सांगता येणार नाही. जानेवारी १९७३ मध्ये गर्भपाताच्या हक्काचा 'रो' निकाल आला नसता तर चर्चमधून इतक्या बायका बाहेर पडल्या असत्या का? दक्षिणेतल्या राज्यांत केंद्राच्या कायद्यांचा राग आधीपासून धुमसत होता, तो फुकट मिळाला. इलिनॉयचा तीन पंचमांशाचा नियम तिनं केला नव्हता. पण १९७४ ला फक्त तीन राज्यं, १९७५ ला एक, १९७६ ला शून्य, १९७७ ला एक, अशी जी गाडी अडली ती बघता तिला वगळून ही गोष्ट सांगता येत नाही. त्यात पाच राज्यांनी दिलेली मान्यता परत घेण्याचे ठराव केले. काँग्रेसनं मुदत १९७९ वरून ३० जून १९८२ पर्यंत वाढवली, त्या अवधीत एकही नवं राज्य आलं नाही. ३५ वर गाडी थांबली ती थांबलीच.

तुमचे सर नक्की विचारतील असा एक मुद्दा: ती जिंकली म्हणजे नेमकं काय जिंकली? ऑर विरुद्ध ऑर, १९७९: फक्त नवऱ्यानंच पोटगी द्यावी असा अलाबामाचा कायदा सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला, तोही समान हक्क दुरुस्तीविना, चौदाव्या दुरुस्तीच्या आधारे. १९७६ च्या क्रेग विरुद्ध बोरेनपासून लिंगभेदाच्या कायद्यांना मधल्या पायरीची, म्हणजे आधीपेक्षा कडक, कसोटी लागू झालीच होती. उलट १९८१ च्या रॉस्टकर विरुद्ध गोल्डबर्गमध्ये सक्तीच्या भरतीची नोंदणी फक्त पुरुषांची ठेवायला न्यायालयानं मान्यता दिली. म्हणजे पोटगीची भिंत ती राखू शकली नाही, भरतीची राहिली. हे तीन निकाल शेजारी शेजारी ठेवा, वीस मिनिटांतली दहा तिथंच सत्कारणी लागतील.

आता ढोंगाचा प्रश्न. ऐन लढाईत तिनं कायद्याची पदवी घेतली, १९७८ साली, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी. सहा मुलं, दौरे, पत्रक, आणि वर परीक्षा. घरात मदतनीस होत्या, नवऱ्याकडे पैसा होता. हे ती भाषणात सांगत नसे. तिचं म्हणणं असं की मी बायकांना काम करू नका म्हणत नाही, घर निवडणाऱ्या बाईचं कायदेशीर छत्र काढू नका म्हणते. हा युक्तिवाद मला पटत नाही, कारण ज्या बाईला ते छत्र कधी मिळालंच नाही, रोजंदारीवरची, काळी, नवऱ्यानं टाकलेली, ती तिच्या भाषणात नसायचीच. पण ढोंगी? 'ढोंगी' म्हटलं की चर्चा बंद होते आणि आपल्याला काही शिकावं लागत नाही. माझा सल्ला, हा शब्द वापरू नका. तिच्या स्वतःच्या पक्षानं तिचं काय केलं ते सांगा, ते जास्त बोलकं आहे. १९८० साली रिपब्लिकन जाहीरनाम्यातून दुरुस्तीचं समर्थन गेलं, रेगन जिंकले, आणि संरक्षण धोरणावर आयुष्यभर लिहिणाऱ्या या बाईला सरकारात कसलंही मोठं पद मिळालं नाही. पाव घेऊन दारात जाणारी बाई म्हणून उपयोगी होती, टेबलाशी बसणारी म्हणून नको होती. यावर तिनं जाहीर तक्रार केल्याचं माझ्या वाचनात नाही.

१९८२ नंतरची चौतीस वर्षं पत्रक चालूच राहिलं, 'ईगल फोरम' ही तिची संघटनाही. १९९२ साली थोरला मुलगा समलिंगी असल्याचं एका मासिकानं परस्पर छापलं. ती मुलाच्या पाठीशी राहिली, भूमिका मात्र बदलली नाही. २०१६ च्या मार्चमध्ये, एक्क्याण्णवाव्या वर्षी, तिनं ट्रम्पला पाठिंबा दिला. त्यावरून तिच्याच संघटनेचं कार्यकारी मंडळ फुटलं. विरोधी गटात तिची एक मुलगी होती. भांडण शेवटी कशावर आलं, तर संघटना कुणाची, पैसा कुणाचा आणि देणगीदारांची यादी कुणाची. ५ सप्टेंबर २०१६ ला ती वारली, दुसऱ्या दिवशी ट्रम्पच्या बाजूचं तिचं शेवटचं पुस्तक बाजारात आलं.

इलिनॉयनं दुरुस्तीला मान्यता दिली ती २०१८ साली, श्लाफ्ली गेल्यावर दोन वर्षांनी. २०२० मध्ये व्हर्जिनिया अडतिसावं राज्य झालं. मुदत संपलेली, परत घेतलेल्या मान्यता मोजायच्या की नाही यावर वाद. दुरुस्ती अजून घटनेच्या मजकुरात प्रसिद्ध झालेली नाही. तिच्या बाजूनं आता नव्यानं कुणाचं मन वळवावं लागत नाही.